नाव पूर्ण वाचा, मग व्हॉल्व्ह बदला

व्हॉल्व्हचा अँप्लिफायर सहसा वयाने मरत नाही. कंडेन्सर सुकतात, रेझिस्टन्सची व्हॅल्यू सरकते, सॉकेटच्या पिना काळ्या पडतात. हे सगळं दुरुस्त होतं. पण जळका मेन ट्रान्सफॉर्मर घेऊन कुणी माझ्याकडे आलं, की मी आधी व्हॉल्व्ह काढते आणि त्यांच्या काचेवरचे नंबर वाचते. पुष्कळदा उत्तर तिथेच मिळतं. मूळचा व्हॉल्व्ह गेला होता आणि त्याच्या जागी कुणीतरी त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा घातला होता. पिना तेवढ्याच, उंची तीच, नावातला एखादा आकडाही जुळणारा. तो सॉकेटात बसला, तांबूस उजेड दिसला, गाणं वाजलं, म्हणून मंडळींनी मागचं झाकण लावून टाकलं. पुढे काही आठवड्यांनी जळक्या वॉर्निशचा वास आला.

सांगलीत आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते आता मी चालवते. मधली बरीच वर्षं व्हॉल्व्हचं काम जवळपास थांबलं होतं. आता ते वेगळ्या वाटेने परत आलंय. कुणी माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर खाली काढतो, कुणी आजोबांचा अँप्लिफायर चालू करून मागतो, भजनी मंडळांचे भोंग्याचे जुने अँप्लिफायर येतात आणि पुण्या-मुंबईची गिटार वाजवणारी मुलं कुरिअरने आपली डबडी पाठवतात. या सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते, बदली व्हॉल्व्ह. आणि तो शोधताना सगळे एकाच जागी अडखळतात, ती म्हणजे नाव.

माझं म्हणणं असं की, व्हॉल्व्हच्या नावातलं एकही अक्षर सोडून द्यायचं नसतं, ना पुढचं ना मागचं. आणि विकणाऱ्यांनी ‘इक्विव्हॅलंट’ एवढंच लिहून माल ग्राहकाच्या हातात देणं थांबवलं पाहिजे. कारण यात फसतो तो साधा माणूस, आणि नुकसान होतं ते आता सहजी न मिळणाऱ्या वस्तूचं.

कोल्हापूरच्या एका निवृत्त सरांचं उदाहरण घेते. त्यांनी तरुणपणी स्वतः बांधलेला अँप्लिफायर, पुढच्या भागात ईसीसी८३. त्यालाच अमेरिकन नाव १२एएक्स७. एक व्हॉल्व्ह गेला म्हणून सरांनी ऑनलाइन शोधलं, तर ‘रशियन १२एएक्स७’ अशा नावाखाली स्वस्तात जोडी मिळाली. आली, लावली, तर उजेडच नाही. खराब माल आला म्हणून त्यांनी तो बदलून मागवला, पुन्हा तेच. ‘ताई, सगळे मेलेलेच पाठवतात हो,’ असं म्हणत ते ते व्हॉल्व्ह घेऊन माझ्याकडे आले. मी टेस्टरवर लावले. सगळे ठणठणीत होते.

ते होते ६एन२पी. रशियन लिपीतलं ‘एन’ आपल्याला इंग्रजी ‘एच’सारखं दिसतं आणि ‘पी’ हे छोट्या ‘एन’सारखं, म्हणून काही विक्रेते त्याला ६एच२एन म्हणून विकतात, म्हणजे शोधायला गेलं तरी नाव सापडत नाही. व्हॉल्व्ह उत्तम आहे. आवाज वाढवण्याची त्याची ताकद १२एएक्स७ एवढीच, १०० च्या आसपास. प्लेट, ग्रिड, कॅथोडच्या पिनाही त्याच. फरक आहे तो हीटरमध्ये. १२एएक्स७ मध्ये हीटरचे दोन अर्धे असतात: चौथ्या आणि पाचव्या पिनेवर दोन टोकं, नवव्या पिनेवर मधला जोड. ६.३ व्होल्टवर चालवायचा तर चार-पाच एकत्र जोडतात आणि नवव्या पिनेला दुसरी तार देतात. ६एन२पीचा हीटर मात्र फक्त चार आणि पाचमध्ये आहे. नववी पिन आतल्या दोन भागांमधल्या पडद्याची. सरांच्या अँप्लिफायरमध्ये चार-पाच एकाच तारेवर होत्या, म्हणजे या व्हॉल्व्हच्या हीटरच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब. करंट वाहणार कुठून? जर त्यांचं वायरिंग १२.६ व्होल्टचं असतं, चार आणि पाचच्या मध्ये, तर ६.३ चा हीटर दुप्पट व्होल्टेज खाऊन जळून गेला असता.

हे घरी तपासता येतं. साधा मल्टिमीटर रेझिस्टन्सवर लावा. १२एएक्स७ थंड असताना चार ते नऊ काही ओहम दाखवतो, पाच ते नऊ तेवढेच, आणि चार ते पाच साधारण दुप्पट. ६एन२पीमध्ये नववी पिन चार किंवा पाच कुणाशीच बोलत नाही. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यासाठी अँप्लिफायर उघडावाही लागत नाही. व्हॉल्व्ह हातात घेऊन टेबलावर होतं. (अँप्लिफायर उघडायचा असेल तर ते माहितगारावर सोडा. प्लग काढल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये ३००-४०० व्होल्ट साठून राहू शकतात, आणि ते जीव घेऊ शकतात.)

आप्पांनी मला अक्षरओळखीनंतर लगेच व्हॉल्व्हओळख शिकवली, आणि ती युरोपातल्या नावांनी. आपल्याकडच्या मेकॅनिकांच्या तोंडी तीच नावं बसली आहेत, कारण बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, आपल्या ‘बेल’ने, फिलिप्सच्या सहकार्याने व्हॉल्व्ह काढले आणि त्यांवर फिलिप्सच्या पद्धतीची नावं छापली. ही पद्धत इतकी सरळ आहे की मला आजही तिचं कौतुक वाटतं. पहिलं अक्षर हीटरचं. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. ‘जी’ म्हणजे ५ व्होल्ट. ‘डी’ बॅटरीच्या सेटसाठी, १.४ व्होल्टच्या जवळपास. ‘पी’ आणि ‘यू’ मात्र व्होल्ट सांगत नाहीत, करंट सांगतात: ‘पी’ म्हणजे ३०० मिलिअँपिअर, ‘यू’ म्हणजे १००. कारण या व्हॉल्व्हांचे हीटर माळेसारखे एकामागोमाग जोडायचे असतात आणि माळेत करंट सगळ्यांना सारखाच. पुढची अक्षरं आतली रचना सांगतात. ‘सी’ म्हणजे ट्रायोड, ‘सीसी’ म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड, ‘एल’ म्हणजे स्पीकर हलवणारा पॉवर पेंटोड, ‘एफ’ म्हणजे छोटा पेंटोड, ‘झेड’ म्हणजे दोन्ही बाजूंचा रेक्टिफायर. आकडा बैठकीचा: ८० च्या घरातले नऊ पिनांचे, ३० च्या घरातले जाड काळ्या बुडाचे आठ पिनांचे. ईएल३४ म्हटलं की ६.३ व्होल्ट, पॉवर पेंटोड, आठ पिना. नावातच अर्धी दुरुस्ती लिहिलेली आहे.

आता या पहिल्या अक्षराकडे दुर्लक्ष केलं की काय होतं? मुंबईत दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, आणि व्हॉल्व्हचे जुने टीव्ही उघडले की आत ‘पी’ मालिका सापडते. रेडिओत ‘ई’ किंवा ‘यू’. पीसीएल८२, ईसीएल८२ आणि यूसीएल८२ हे तिघं आतून सारखेच, पिनाही त्याच. पण ईसीएल८२ ला ६.३ व्होल्ट लागतात, पीसीएल८२ ला १६ आणि यूसीएल८२ ला ५०. भंगारातल्या टीव्हीतून काढलेला पीसीएल८२ ईसीएल८२ च्या जागी घातला की तो धड तापत नाही, आवाज चिरका आणि बारीक येतो, आणि मेकॅनिक भलत्याच ठिकाणी, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दोष शोधत बसतो. गावात पाटील आडनावाची वीस घरं असतात म्हणून पोस्टमन पत्र कुठल्याही पाटलांकडे टाकत नाही. पहिलं नाव वाचतोच.

तरुण मुलं माझ्याकडे येतात ती अमेरिकन नावं घेऊन. गिटारच्या जगात तीच चालतात. तिथे पहिला आकडा हीटरच्या व्होल्टचा: ५यू४ पाच व्होल्टवर, ६व्ही६ सहाच्या जवळ, म्हणजे ६.३ वर. मधल्या अक्षरांना अर्थ नसतो, नोंदणीच्या क्रमाने ती मिळत गेली. १२एएक्स७, १२एटी७, १२एयू७ यांची नावं भावंडांसारखी वाटतात, आणि सॉकेटमध्ये तिघेही एकमेकांच्या जागी बसतात, हीटरही तोच. पण आवाज वाढवण्याची ताकद पाहा: पहिल्याची १००, दुसऱ्याची ६०, तिसऱ्याची २० च्याही आत. १२एयू७ घातला की ‘आवाज मऊ झाला’ असं पुष्कळजण सांगतात. मऊ झाला म्हणजे कमी झाला. सर्किटचे रेझिस्टन्स १२एएक्स७ साठी निवडलेले असतात, त्यांत तो व्हॉल्व्ह आपल्या जागी काम करत नाही. गिटारवाल्याला त्याच्या वादनासाठी तो आवाज हवा असेल तर त्याने जरूर घालावा, ती त्याची कला आहे. पण रेकॉर्ड ऐकण्याच्या अँप्लिफायरमध्ये हा बदल मी कुणाला सुचवत नाही.

शेपटीची अक्षरं आणखी महत्त्वाची, आणि जाहिरातीत नेमकी तीच गळतात. ६एल६ आला १९३६ मध्ये, धातूच्या कवचात. मग जी म्हणजे मोठ्या काचेचा, जीए, जीबी, आणि शेवटी जीसी. मूळ ६एल६ आणि ६एल६जी यांची प्लेट १९ वॅट उष्णता सोसते, ६एल६जीसीची ३०. नियम असा की, नंतरचं अक्षर आधीच्या जागी चालतं, आधीचं नंतरच्या जागी चालेलच असं नाही. जीसीसाठी बांधलेल्या, ४५० व्होल्टवर चालणाऱ्या अँप्लिफायरमध्ये जुना ६एल६जी किंवा त्याचा रशियन भाऊ ६पी३एस घातला, की अंधारात त्याची राखाडी प्लेट मधोमध लाल होताना दिसते. ती लाली हीटरची नव्हे. तसं दिसलं तर ताबडतोब स्विच बंद करा. आणि विक्रेत्याने नुसतं ‘६एल६’ लिहिलं असेल तर त्याला शेपूट विचारा. सांगता येत नसेल तर घेऊ नका.

पुण्याच्या एका मुलाचा गिटार अँप्लिफायर आला होता, अमेरिकन पद्धतीचा, ६एल६जीसीच्या जोडीवर चालणारा. त्याने त्यात ईएल३४ घातले होते, कारण विक्रेत्याने दोन्हींच्या पुढे एकच तक्ता लावला होता. सॉकेट तेच. पण ईएल३४ ची पहिली पिन ही सप्रेसर ग्रिडची, ती आठव्या पिनेला, म्हणजे कॅथोडला, जोडायची असते. ६एल६जीसीमध्ये पहिली पिन मोकळी असते, म्हणून फेंडरसारख्या अँप्लिफायरमध्ये त्या मोकळ्या पिनेचा उपयोग ग्रिडचा रेझिस्टन्स टाकायला, तारेच्या खुंटीसारखा केलेला असतो. तिथे ईएल३४ लावला की त्याच्या सप्रेसर ग्रिडला बायसचं उणे व्होल्टेज आणि सिग्नल मिळतो, जे तिथे जायलाच नको. शिवाय ६एल६जीसीचा हीटर ०.९ अँपिअर घेतो आणि ईएल३४ चा १.५. दोन व्हॉल्व्हांमागे १.२ अँपिअरचा जादा भार, आणि ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्याने तो धरलेला नव्हता. ट्रान्सफॉर्मर हाताला चटका देत होता. वेळेत आला म्हणून वाचला.

‘पण ताई, वाजत होता की,’ तो मुलगा म्हणाला. त्याचा दोष नाही. वाजणं हीच परीक्षा असं आपण सगळेच धरून चालतो. व्हॉल्व्ह हा सोशिक जीव आहे. निम्म्या हीटरवरही वाजतो, चुकीच्या बायसवरही वाजतो. म्हणून तर नाव वाचायचं, कारण कानाला पुष्कळदा उशिरा कळतं.

सगळ्यात जास्त नुकसान मी पाहते ते रेक्टिफायरमध्ये, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. आवाजाशी त्याचा थेट संबंध दिसत नाही, म्हणून लोक हाताला येईल तो लावतात. जीझेड३४, म्हणजे अमेरिकन ५एआर४, हा इंग्लंडच्या मुलार्ड ५-२० या सर्किटमध्ये, लीकच्या स्टिरिओ २० मध्ये, अमेरिकेच्या डायनाको एसटी-७० मध्ये होता. त्याचा हीटर १.९ अँपिअर घेतो. आज त्याच्याऐवजी ५यू४जी सहज मिळतो, तोही ५ व्होल्टचा, पिनाही जुळतात. पण तो ३ अँपिअर घेतो. पाच व्होल्टच्या त्या बारीक वाइंडिंगवर दीडपटीहून जास्त ओझं पडतं, आणि ट्रान्सफॉर्मर नेमका तिथूनच जळायला लागतो. त्यात आणखी एक गोष्ट. जीझेड३४ सावकाश तापतो, तोवर बाकीचे व्हॉल्व्ह तयार होतात. ५यू४जीची फिलामेंट थेट तापते, काही सेकंदांत पूर्ण व्होल्टेज सोडते, आणि जुन्या कंडेन्सरांवर पहिला धक्का बसतो.

उलट बाजूने गेलं तरी सुटका नाही. ५वाय३जीटी असलेल्या छोट्या अँप्लिफायरमध्ये ‘जास्त दमदार’ म्हणून जीझेड३४ घातला तर हीटरचा भार वाढत नाही, पण ५वाय३ जे व्होल्टेज स्वतःत गाळून खातो ते जीझेड३४ खात नाही. त्यामुळे पुढच्या ६व्ही६च्या प्लेटवरचं व्होल्टेज एकदम वर जातं आणि ते बिचारे आपल्या मर्यादेपलीकडे तापत राहतात. रेक्टिफायर बदलला तर पुढचं प्रत्येक व्होल्टेज मोजायला हवं. दुरुस्तीवाल्याने मोजलं नसेल तर त्याने काम अर्धंच केलं. आमच्याकडे ट्रान्सफॉर्मर रीवाइंड करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे उरलेत, तेही पंप आणि मोटरींची कामं सोडून अधूनमधून हे करतात. जुन्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची थरांची रचना तर पुष्कळांना करताच येत नाही. तो जळला की अँप्लिफायरचा मूळ आवाज गेला.

इतकी नावं पुरेशी नाहीत म्हणून की काय, सैन्याची आणि कारखान्यांचीही वेगळी नावं आहेत. इथे मात्र पुष्कळदा चांगली बातमी असते. ७०२५ हा कमी गुणगुणणारा १२एएक्स७ म्हणून निघाला. ब्रिटिश सैन्याचा सीव्ही४००४ हा निवडक, मजबूत ईसीसी८३. इंग्लंडच्या जीईसीने त्याच व्हॉल्व्हला बी३३९ म्हटलं आणि ईएल८४ ला एन७०९. फिलिप्सच्या पद्धतीत खास दर्जाच्या व्हॉल्व्हचा आकडा मधे येतो: ईसीसी८८ चा मजबूत भाऊ ई८८सीसी, अमेरिकन नाव ६९२२. साध्या ईसीसी८८ च्या प्लेटला १३० व्होल्टची मर्यादा, ई८८सीसीला २२०. म्हणजे ई८८सीसी मागितलेल्या जागी साधा ईसीसी८८ नेहमी चालेल असं नाही. आणि ५७५१ हा १२एएक्स७ चा लष्करी भाऊ म्हणून विकला जातो, त्याच्या पिना आणि वायरिंग जुळतं, पण त्याची ताकद ७० आहे, १०० नाही, आणि हीटर थोडा जास्त करंट घेतो. घाला, बऱ्याचदा छान वाजतो; पण काय घालताय ते कळून घाला.

एकच नाव आणि आत दोन वेगळ्या रचना, असंही घडलं आहे. ईएल३४ आणि ६सीए७ हे तक्त्यात जुळे भाऊ. पण अमेरिकेत सिल्व्हेनिया आणि जीईने बनवलेला जाड काचेचा ६सीए७ हा आतून बीम टेट्रोड होता, पेंटोड नव्हता. सर्किटमध्ये चालतो, आवाज वेगळा येतो. स्टिरिओत डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला दुसरा घालू नये एवढं बघा.

ब्रँडबद्दल मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. लोक माझ्याकडे ‘मुलार्ड’ मागतात. इंग्लंडच्या ब्लॅकबर्नमध्ये बनलेला मूळ मुलार्ड आणि आज नव्या डब्यात मिळणारा मुलार्ड यांच्यात फक्त नाव सारखं आहे. आजचा रशियातल्या सारातोवच्या कारखान्यात बनतो, आणि त्याच कारखान्यातून टंग-सोल, सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स अशा नावांचे व्हॉल्व्हही बाहेर पडतात. माल वाईट नाही, पण किंमत जुन्या नावाची द्यायची का हे ज्याने त्याने ठरवावं. जुना म्हणून घेत असाल तर काचेच्या बुडाजवळ फिकट कोरलेला कोड भिंगाने पाहा. दुसऱ्या ओळीत ‘बी९सी२’ असं असेल तर बी म्हणजे ब्लॅकबर्न, ९ हा वर्षाचा शेवटचा आकडा, सी म्हणजे मार्च, २ म्हणजे दुसरा आठवडा. वरची रंगीत छपाई कुणीही नव्याने मारू शकतो. अंगठ्याने घासलं तरी पुसली जाते. कोरलेला कोड पुसला जात नाही. स्लोव्हाकियातल्या चाडत्सा गावचा जेजे कारखाना, चीनचे कारखाने, आणि सारातोव, एवढ्यांवर आज जगाचा बराचसा व्हॉल्व्ह-व्यवहार उभा आहे. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाने निर्यात रोखली, पुढे ती सुरू झाली तरी भाव वाढलेलेच राहिले. टंचाई वाढली की ‘इक्विव्हॅलंट’चा सुळसुळाट वाढतो. म्हणून आजच हे लिहायला बसले.

आपल्या बेलच्या व्हॉल्व्हांची मात्र मला कळवळून बाजू घ्यायची आहे. तालुक्याच्या गावांत बंद पडलेल्या रेडिओच्या दुकानांच्या माळ्यांवर अजून बेलचे ईसीसी८३, ईएल८४ पुठ्ठ्याच्या खोक्यांत पडलेले आहेत. ते भंगारात वजनावर जातात आणि त्याच वेळी त्याच गावातला मुलगा परदेशी व्हॉल्व्हसाठी हजारो रुपये मोजतो. कारण त्याला १२एएक्स७ हवा असतो आणि दुकानाच्या मालकाकडे ईसीसी८३ असतो. दोघंही एकाच वस्तूबद्दल बोलत असतात. या दोन पिढ्यांच्या मधे एक कागदाचा तक्ता टांगला तरी पुष्कळ व्हॉल्व्ह वाचतील: ईसीसी८१ म्हणजे १२एटी७, ईसीसी८२ म्हणजे १२एयू७, ईसीसी८३ म्हणजे १२एएक्स७, ईसीसी८८ म्हणजे ६डीजे८, ईएल८४ म्हणजे ६बीक्यू५, ईझेड८१ म्हणजे ६सीए४, ईएफ८६ म्हणजे ६२६७. हे खरे जुळे. यांत कुठेही हीटर किंवा पिनांचा धोका नाही.

विक्रेते मला म्हणतात, ग्राहकाला एवढं सगळं लागत नाही, त्याला भाव लागतो. मला ते मान्य नाही. जुनी बदली-पुस्तकं, जी आप्पांच्या कपाटात होती, ती छापणाऱ्यांना ग्राहकाची जास्त काळजी होती. त्यांत एखादा पर्याय फक्त एकाच दिशेने चालत असेल तर तशी खूण असायची. हीटरचा करंट जास्त असेल, पिना बदलाव्या लागत असतील तर त्याची वेगळी खूण. ऑनलाइन जाहिरातीत त्या खुणा गळून गेल्या आणि फक्त नावांची रांग उरली. मी मागते ते फार नाही. पूर्ण नाव शेपटीसकट, हीटरचे व्होल्ट आणि अँपिअर, आणि कारखान्याचं गाव. चार शब्द आणि दोन आकडे.

दुरुस्ती करणाऱ्या माझ्या भावांनाही एक विनंती. व्हॉल्व्ह बदललात की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा. कुठल्या सॉकेटात मूळ कोणता होता, आज कोणता घातला, प्लेटवर किती व्होल्ट मिळाले, बायस किती ठेवला, तारीख काय. आप्पा हे शिसपेन्सिलीने थेट लाकडावर लिहायचे, आणि त्यांच्या हातचे रेडिओ अजून माझ्याकडे येतात तेव्हा मला मोजायला बसावं लागत नाही. डायनाको एसटी-७० सारख्या अँप्लिफायरमध्ये तर हे फारच गरजेचं. त्याचा ७१९९ आता सहजी मिळत नाही, म्हणून कुणी ६जीएच८ए घालण्यासाठी अडॅप्टर लावतं, कुणी सॉकेटचं वायरिंगच बदलतं. पुढच्या माणसाला ते न सांगता झाकण लावलं, तर तो महागात मिळवलेला अस्सल ७१९९ आणून बदललेल्या सॉकेटात खुपसणार.

कोल्हापूरच्या सरांना मी ते ६एन२पी परत पाठवू दिले नाहीत. एका नव्या छोट्या फोनो-प्रीअँपमध्ये ते वापरायचे ठरलं आहे, सॉकेटचं वायरिंग त्यांच्याच हीटरप्रमाणे. त्यांच्या जुन्या अँप्लिफायरसाठी मिरजेच्या एका बंद दुकानातून बेलचे ईसीसी८३ मिळाले. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या ज्या विक्रेत्यांकडून मी माल मागवते, त्यांना मी ही हकीकत फोनवर सांगितली. तेव्हापासून त्यांच्याकडून येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर बॉलपेनने हीटरचे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. भाव त्यांनी वाढवलेला नाही.